फाइल सापडली, पण कुठली?

अप्पा बळवंत चौकाजवळ प्रबंध बांधून देणारे एक काका आहेत. काळं कापड, सोनेरी अक्षरं, दोन दिवसांत प्रत हातात. गेल्या महिन्यात पीएच.डी. करणारी एक मुलगी त्यांच्याकडे कच्ची प्रत घेऊन गेली. काकांनी मधलंच एक पान उचललं, डाव्या कडेला पट्टी लावली आणि गठ्ठा परत सरकवला. "एकच इंच समास सोडलाय. शिवलं की ओळीची पहिली अक्षरं आत जाणार. दीड करून आणा."

गंमत म्हणजे दीड इंचाचा नियम तिच्या विभागानेही नुकताच काढला होता. तो पाळणारी नवी क्लास फाइल (पानाची मांडणी ठरवणारी फाइल) तिने आठवड्यापूर्वीच लॅपटॉपवर टाकली होती. चौकातून ती तडक माझ्याकडे नारायण पेठेत आली. मी लाटेकमध्ये, म्हणजे पानं जुळवणाऱ्या एका संगणक-प्रणालीत, पुस्तकं लावून देते, त्यामुळे प्रबंधांच्या मोसमात अशी दोन-चार मुलं येतातच.

"ताई, फाइल नवी आहे, मीच टाकलीये. एररसुद्धा येत नाहीये. मग समास जुना कसा?"

एरर येत नव्हती, हीच तर अडचण होती. फाइल सापडली नाही की लाटेक ओरडून सांगतं आणि थांबतं. चुकीची फाइल सापडली तर मात्र चकार शब्द काढत नाही, मुकाट्याने पीडीएफ बनवून देतं. लोक पहिल्या प्रकाराने वैतागतात. मला भीती वाटते ती दुसऱ्याची.

हे का होतं ते समजायला टेक फाइली शोधतं कसं, हे एकदा नीट बघावं लागतं. टेक ही अक्षरजुळणीची प्रणाली. डोनाल्ड कनूथ यांनी १९७७ साली तिचं काम सुरू केलं. तिच्यावर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८० च्या दशकात लाटेक रचलं. आपण मजकुराच्या फाइलीत लिहितो ते फक्त 'थीसिस नावाचा क्लास वापर', 'मुखपृष्ठ नावाचं पॅकेज घे' एवढंच. म्हणजे नाव देतो, पत्ता देत नाही. पत्ता शोधणं टेकचं काम. कनूथ यांच्या मूळ प्रोग्रॅममध्ये 'टेक्सइनपुट्स' नावाची एकच ठरलेली जागा थेट लिहून ठेवलेली होती. इथे नाही तर तिथे बघ, संपलं. पुढे पॅकेजं हजारोंनी वाढली, संगणक वेगवेगळ्या जातींचे आले आणि हे पुरेनासं झालं. आज टेक लाइव्ह या टेकच्या तयार संचात हे शोधकाम केपाथसी नावाची, इतर प्रोग्रॅमांच्या कामी येणारी एक लायब्ररी करते. ती कार्ल बेरी यांनी लिहिली.

पुढे एक खुलासा. आज्ञा आणि फोल्डरांची नावं मी इथे उच्चाराप्रमाणे लिहिते आहे. टर्मिनलवर (आज्ञा टंकायच्या खिडकीत) ती रोमन लिपीतच टंकायची: 'चल' (पुढे येणारी सेटिंगची नावं) असतील ती मोठ्या अक्षरांत, बाकी बहुतेक लहान.

केपाथसीकडे एक यादी असते. आधी इथे बघ, मग तिथे, मग त्या पलीकडे. नाव जुळलेली पहिली फाइल दिसली की ती घ्यायची आणि शोध बंद. पुढच्या ठिकाणी त्याच नावाची आणखी चांगली, आणखी ताजी फाइल असली तरी तिकडे ढुंकून बघायचं नाही. सदाशिव पेठेत एखाद्या कुरिअरवाल्या पोराला नुसतं 'जोशींना द्यायचंय' म्हणून पाठवलं तर काय होईल? पहिल्याच वाड्यात जोशी भेटतील, पाकीट घेतील, सहीसुद्धा करतील. तुमचे जोशी तिसऱ्या वाड्यातले. पोराचं काम चोख झालं, पाकीट मात्र गेलं.

यादीत सगळ्यात पहिला असतो एक टिंब. टिंब म्हणजे 'मी आत्ता ज्या फोल्डरमध्ये उभा आहे तो'. त्यानंतर तुमचं स्वतःचं घरचं झाड, मग त्या संगणकावरच्या सगळ्यांसाठी असलेलं स्थानिक झाड, आणि शेवटी टेक लाइव्हबरोबर आलेलं भलंमोठं वितरणाचं झाड. यांना झाडं म्हणायचं कारण आत फांद्या ठरलेल्या असतात, आणि मुलं अडखळतात ती इथेच.

या मुलीचंही तेच झालं होतं. विभागाने दोन फाइली दिल्या होत्या: थीसिस.सीएलएस हा क्लास आणि मुखपृष्ठ.एसटीवाय हे पॅकेज. कुणीतरी सांगितलं, 'टेक्सएमएफमध्ये टाक'. तिने होम फोल्डरात टेक्सएमएफ नावाचं फोल्डर केलं, दोन्ही फाइली त्यात टाकल्या आणि लाटेक चालवलं. मुखपृष्ठ.एसटीवाय सापडत नाही, अशी एरर आली. फाइल तर समोर दिसतेय! पण केपाथसी त्या झाडाच्या बुंध्याशी बघतच नाही. लाटेकसाठी ते 'टेक्स' नावाच्या फांदीवर चढतं आणि तिथून खाली सगळीकडे शोधतं. तेव्हा फाइल ठेवायची ती अशी (सुरुवातीची नागमोडी रेघ म्हणजे होम फोल्डर):

~/टेक्सएमएफ/टेक्स/लाटेक/मुखपृष्ठ.एसटीवाय

मॅकवर हेच झाड होम फोल्डरातल्या लायब्ररी या फोल्डरच्या आत असतं. फॉन्टची फांदी वेगळी, संदर्भसूचीच्या शैलींची वेगळी. ही रचना १९९० च्या दशकात टेक वापरणाऱ्यांच्या गटाने ठरवली आणि आजही तीच चालते. टेक्सएमएफ हे नावही तेव्हाच्या जोडगोळीवरून आलंय: टेक आणि कनूथ यांचंच फॉन्ट बनवणारं मेटाफॉन्ट.

मैत्रिणीच्या मदतीने तिने दोन्ही फाइली योग्य फांदीवर हलवल्या. एरर गेली. पीडीएफ आली. मुखपृष्ठ नवं दिसायला लागलं. साहजिकच तिला वाटलं, क्लासही नवाच लागला. आठवडाभर कुणालाच शंका आली नाही, पट्टी लावेपर्यंत.

मी तिला प्रबंधाच्या फोल्डरमध्ये टर्मिनल उघडायला सांगितलं. टेक लाइव्हमध्ये या सगळ्यावरचं एक उत्तम हत्यार येतं, आणि दहातल्या नऊ जणांनी त्याचं नावही ऐकलेलं नसतं: केपीएसई-व्हिच. के, पी, एस, ई ही अक्षरं आणि त्यांना चिकटून 'कोणती' या अर्थाचा इंग्रजी शब्द, मध्ये जागा किंवा आडवी रेघ काही नाही. त्याला फाइलीचं नाव द्यायचं, ते पत्ता सांगतं. 'ऑल' हा पर्याय जोडला तर पहिल्यावर न थांबता सगळे जोशी दाखवतं.

केपीएसई-व्हिच -ऑल थीसिस.सीएलएस

दोन ओळी आल्या. खालची ओळ घरच्या झाडातली, तिने स्वतः ठेवलेली. वरची ओळ अशी होती:

./थीसिस.सीएलएस

टिंब! म्हणजे खुद्द प्रबंधाच्याच फोल्डरमध्ये याच नावाची आणखी एक फाइल पडलेली. ती कुठून आली हे तिला लगेच आठवलं. तीन वर्षांपूर्वी एका सीनिअरने आपल्या प्रबंधाची अख्खी झिप दिली होती, 'यातच तुझी प्रकरणं भर' म्हणून. त्या झिपमधला जुना क्लास तेव्हापासून तिथे मुक्कामाला होता. टिंब यादीत पहिला, त्यामुळे दरवेळी पाकीट त्याच्याच हातात.

खरं तर हे लॉग फाइलीतही, म्हणजे लाटेक चालताना आपल्या कामाची जी नोंद ठेवतं तिच्यातही, लिहिलेलं असतं. टेक प्रत्येक फाइल उघडताना कंसात तिचा पत्ता छापतं, आणि क्लासच्या ओळीत त्याची तारीखही येते. तिच्या लॉगमध्ये २०१६ ची तारीख होती. पण लॉग वाचायचा असतो हे कोण कुणाला शिकवतं? लाल अक्षरं नाहीत म्हणजे सगळं आलबेल, असंच सगळे धरून चालतात.

आता यादी आपल्याला हवी तशी बदलायची कशी? सरळ उत्तर: शक्यतो बदलूच नका, फाइल घरच्या झाडावर योग्य फांदीला ठेवा. माझ्याकडे येणाऱ्यांतल्या बहुतेकांचं काम एवढ्यानेच होतं. पण कधी कधी गरज पडते. तीन पुस्तकांना सामाईक शैली एका वेगळ्या फोल्डरात ठेवायची असते, किंवा एकाच नावाच्या दोन आवृत्त्या आलटून पालटून वापरायच्या असतात. त्यासाठी टेक्सइनपुट्स हे पर्यावरण-चल (प्रोग्रॅमला बाहेरून कळवायची, नाव दिलेली सेटिंग) आहे. ते असं लिहितात:

टेक्सइनपुट्स=~/पुस्तके/शैली//:

यातली तीनच चिन्हं समजली तरी पुरे. ठिकाणं वेगळी करणारं चिन्ह म्हणजे कोलन. विंडोजवर त्याच्या जागी अर्धविराम, कारण तिथे कोलन ड्राइव्हच्या अक्षरापुढे आधीच गुंतलेला असतो. दोन तिरप्या रेघा म्हणजे 'नुसता तळमजला बघून येऊ नकोस, वरचे सगळे मजले आणि खोल्याही बघ'. आणि सगळ्यात महत्त्वाचा तो शेवटी एकटाच उभा असलेला कोलन, थेट विसर्गासारखा दिसणारा. त्याचा अर्थ, 'माझं बघून झालं की नेहमीची यादी पुढे चालू ठेव'. तोच कोलन सुरुवातीला लिहिला तर आधी नेहमीची यादी, मग तुमची. लिहिलाच नाही, तर तुमची यादी हीच संपूर्ण यादी. नेहमीची सगळी ठिकाणं रद्द.

हा विसर्ग मी एकदा गाळला होता. नवीन होते, रात्री उशिरा ती ओळ शेलच्या (टर्मिनलमधल्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) सेटिंगच्या फाइलीत लिहून झोपले. सकाळी एकही पुस्तक चालेना. आर्टिकल.सीएलएस सापडत नाही! आर्टिकल म्हणजे लाटेकबरोबर पहिल्यापासून येणारा क्लास. तो नाही म्हणजे स्वयंपाकघरात मीठ नाही. मला वाटलं, इन्स्टॉलेशनच बिघडलं. अख्खं टेक लाइव्ह काढलं आणि पुन्हा उतरवायला घेतलं. कित्येक जीबीचा मामला, त्या वेळचं इंटरनेट, दिवस त्यात गेला. संध्याकाळी चालवलं, तर तीच एरर. अर्थातच! टेक कितीही वेळा नवीन बसवा, सेटिंगमधली ती ओळ जागच्या जागीच. टेक बिचारं सांगितलं तेच करत होतं: एका फोल्डरात बघत होतं आणि तिथे आर्टिकल नव्हतं.

दोन तिरप्या रेघांचंही असंच. त्या दिसायला सोयीच्या, म्हणून लोक थेट होम फोल्डरपुढे लावून मोकळे होतात. मग टेक तुमचे फोटो, डाउनलोड, जुने प्रकल्प सगळं धुंडाळत बसतं आणि प्रत्येक वेळी मिनिटभर गप्प होतं. वर आणखी एक गोम आहे. एकाच पातळीवरच्या उपफोल्डरांत आधी कोणतं बघायचं, याचा क्रम ठरलेला नाही. 'प्रकरणे' आणि 'प्रकरणे-जुनी' शेजारी शेजारी असतील तर आज तुमच्या यंत्रावर बरोबर फाइल लागेल आणि उद्या गाइडच्या यंत्रावर जुनी. पुस्तकाच्या फोल्डरला मी दोन रेघा कधीच लावत नाही. फक्त शैलीच्या फोल्डरला लावते, कारण तिथे काय आहे ते मला पाठ असतं.

पर्यावरण-चलाची आणखी एक खोड सांगते, कारण मॅकवाले हमखास यात सापडतात. शेलच्या फाइलीत लिहिलेलं चल टर्मिनलला कळतं. डॉकवरून उघडलेल्या एडिटरला ते कळतच नाही, कारण तो शेलमधून सुरू झालेलाच नसतो. मग टर्मिनलमध्ये चालतं आणि एडिटरमध्ये बटण दाबलं की फाइल सापडत नाही. अशा वेळी यादी टेक्सएमएफ.सीएनएफ या केपाथसीच्या सेटिंगच्या फाइलीत लिहावी. या नावाच्या फाइली एकाहून जास्त असतात, आणि इथेही 'पहिला तो खरा' हाच कायदा: एखाद्या चलाची जी व्याख्या आधी वाचली जाईल ती टिकते, नंतरची वाया. (पर्यावरण-चल मात्र या सगळ्यांच्या वर.) टेक लाइव्हच्या सालाच्या फोल्डरात, अगदी वर, जवळजवळ रिकामी अशी एक टेक्सएमएफ.सीएनएफ असते, ती तुमच्यासाठीच ठेवलेली. वितरणाच्या झाडात खोलवर असलेल्या मोठ्या फाइलीला हात लावू नका, ती अद्ययावत करताना बदलली जाते. उबुंटू लिनक्सच्या भांडारातून टेक घेतलं असेल तर मांडणी थोडी निराळी असते. अंदाज बांधण्यापेक्षा केपीएसई-व्हिचलाच 'ऑल' जोडून टेक्सएमएफ.सीएनएफ कुठे कुठे आहे ते विचारा.

आता तो प्रकार, ज्यात फाइल योग्य फांदीवर असते, नाव बरोबर असतं, यादी बरोबर असते, आणि तरीही सापडत नाही. हे होतं स्थानिक झाडात, म्हणजे प्रयोगशाळेच्या सर्व्हरवर वगैरे. वितरणाच्या झाडात लाखाच्या घरात फाइली. दरवेळी डिस्कवर हिंडायचं म्हटलं तर दिवस जाईल. म्हणून प्रत्येक मोठ्या झाडाच्या बुंध्याशी एक सूची ठेवलेली असते. तिचं नाव एलएस-आर (यातला आर मात्र मोठा). नव्या सोसायट्यांच्या दारात कसा नावांचा बोर्ड असतो, तशीच. आणि यादीत ज्या झाडापुढे दोन उद्गारचिन्हं असतात, तिथला वॉचमन पक्का पुणेरी: बोर्डवर नाव नसेल तर 'इथे असं कोणी राहत नाही', विषय संपला. तुम्ही कालच चौथ्या मजल्यावर राहायला आला असाल, खिडकीतून हात हलवत असाल, तरी तो मान वर करून बघणार नाही. बोर्ड नव्याने रंगवायला एमकेटेक्सएलएसआर ही आज्ञा चालवायची, सर्व्हरवर अर्थातच अॅडमिनच्या हक्काने. घरच्या झाडापुढे ही उद्गारचिन्हं नसतात, म्हणून तिथे टाकलेली फाइल लगेच मिळते, बोर्डाची भानगड नाही.

संदर्भसूचीबद्दल दोनच वाक्यं. टेक्सइनपुट्समध्ये लिहिलेल्या जागा बिबटेकला, म्हणजे संदर्भसूची बनवणाऱ्या प्रोग्रॅमला, लागू होत नाहीत. त्याची चलं वेगळी, संदर्भांसाठी बिबइनपुट्स आणि शैलीसाठी बीएसटीइनपुट्स. 'लाटेकला सापडतं, बिबटेकला नाही' या तक्रारीचं मूळ जवळजवळ नेहमी इथेच असतं.

फॉन्टचं प्रकरण मात्र मराठीवाल्यांना जास्त छळतं. देवनागरीसाठी आपण झीटेक किंवा लुआटेक ही टेकची युनिकोड समजणारी रूपं वापरतो. समजा तुम्हाला शोभिका हवाय. आयआयटी मुंबईने तयार केलेला हा मोफत फॉन्ट टेक लाइव्हबरोबरच येतो. दस्तऐवजात 'शोभिका' असं फॉन्टचं नाव लिहिलं आणि झीटेक म्हणालं, असा फॉन्ट नाही. फाइल तर डिस्कवर आहे! इथे दोन वेगवेगळे शोधक काम करतात. फॉन्ट नावाने मागितला तर लिनक्सवर झीटेक ऑपरेटिंग सिस्टिमच्या फॉन्टकॉन्फिगला विचारतं, आणि त्याला टेकच्या झाडाची काही कल्पना नसते. तोच फॉन्ट शेपटासकट (टिंबानंतरच्या अक्षरांसकट) फाइलीच्या नावाने मागितला की केपाथसी शोधतं आणि लगेच आणून देतं. लुआटेकचा खाक्या तिसराच. ते नावांचा स्वतःचा साठा बनवून ठेवतं आणि नवा फॉन्ट टाकल्यावर कधी कधी तो साठा हाताने ताजा करावा लागतो. मी सरळ फाइलीचंच नाव लिहिते. दिसायला ओबडधोबड, पण दुसऱ्याच्या यंत्रावर त्रास कमी होतो.

लहान-मोठ्या अक्षरांचा घोळ पूर्वी फार होता. विंडोजवर चाललेलं लिनक्सवर अडायचं. टेक लाइव्ह २०१८ पासून केपाथसी त्यात थोडं सैल झालं आहे. तरी चित्रांची नावं मी लहान अक्षरांतच ठेवते. जुनी सवय.

तर ती मुलगी. मी म्हटलं, ती टिंबवाली जुनी फाइल पूस. तिचा हात काही वळेना. तीन वर्षं जिच्या आधारावर प्रकरणं लिहिली ती पुसायची कशी? शेवटी नाव बदलून थीसिस-जुनी केलं. पुन्हा केपीएसई-व्हिचला विचारलं, आता एकच ओळ आली, घरच्या झाडातली. लाटेक दोनदा चालवलं. समास दीड इंचाचा झाला आणि ओळी आखूड झाल्यामुळे प्रबंध अकरा पानांनी वाढला, शिवाय दोन तक्ते कडेबाहेर गेले. ते बसवण्यात दुपार गेली.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. काकांनी पुन्हा पट्टी लावली, म्हणाली. काही बोलले नाहीत, फक्त विचारलं, "प्रती किती?"